गळा सोळा, कंबर साडेतेहेतीस

४ जानेवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तू वेळेवर उत्तर पाठवलंस तरच लागू होतील.

नवं वर्ष लागलं, म्हणजे तुझ्या दोन शर्टांची वेळ झाली. यंदा कापड झकास मिळालंय. एक निळसर, एक बारीक चौकडीचं. मापं पाठव: छाती, कंबर, खांदा, बाही, गळा. "गेल्या वर्षीचीच धर" असं लिहू नकोस. चोपन्न वर्षांचा माणूस दरवर्षी बदलतो, आणि तुझ्या बायकोच्या हातचं खाणारा तर दर महिन्याला.

फोन करू नकोस. मागच्या वेळी पाऊण तास तू मला तुझ्या छातीचे ठोके मोजून दाखवलेस आणि इकडे माझी इस्त्री गिऱ्हाइकाच्या कोटावर तशीच राहिली. पत्र बरं. पत्रात कागद तरी संपतो. नियम मागचाच: आजारपणाला तीन ओळी, जास्त नाहीत. तुझा इतिहास मला पाठ आहे. आठवीत डोक्यात गाठ झाली होती, ती टोपी घट्ट होती. तिशीत कावीळ झाली, ती खोलीतला पिवळा दिवा बदलल्यावर बरी झाली. चाळिशीत हृदयविकाराचे तीन झटके, तिन्ही भरपेट जेवणानंतर. तेव्हा यंदा काय नवीन, ते थोडक्यात सांग.

मी पुढच्या महिन्यात येणारच होते, पण गुडघा कुरकुरतोय. बघू.

तुझी,
ताई

१५ जानेवारी

ती. ताई,

वाकून नमस्कार. वाकल्यावर चक्कर आली, पण ती तीन ओळींत धरू नकोस.

ओळ पहिली: छातीत धडधडतं, नुसतं बसलो तरी. ओळ दुसरी: हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. ओळ तिसरी: डॉक्टर म्हणाले, काही नाही, काळजी करण्याचा स्वभाव आहे. संपल्या.

आता हे आजारपण नाही, हकिगत आहे, म्हणून लिहितो. डॉक्टरांनी मला दारात बघितलं आणि "या, या" म्हणताना त्यांचा चेहराच पडला. माझी फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. ती आता इतकी जाड झालीय की उघडायला दोन माणसं लागतील. नाडी बघितली. मी विचारलं, "जलद आहे ना?" ते म्हणाले, "तुमची कधी नव्हती?" खरंच कधी नव्हती. मी गळ्यातला मफलर नीट केला आणि घरी आलो. तुझी भावजय म्हणाली, "मी सांगितलं होतं." तिनं सांगितलं होतं, हेही खरं.

दुकानात मात्र पंचाईत झालीय. धान्याचे, भंगाराचे मोठे काटे दुरुस्त करायला काही वाटत नाही. पण सोनाराचा काटा तपासायचा म्हणजे चिमट्यानं मिलीग्रॅमची वजनं उचलायची. नखाच्या कापाएवढा पत्रा असतो तो. हात थरथरला की चिमट्यातून उडतो. सोनार समोर बसलेला असतो. मी खोकल्याचं निमित्त करतो.

शिवाय माझा स्वतःचा काटा बिघडलाय. दुकानातल्या माणशी काट्यावर मी बहात्तर किलो भरायचो, आता सहासष्ट दाखवतो. दोनदा उघडून साफ केला, स्प्रिंग बदलली, तरी तेच. आणि मी तर दुप्पट जेवतोय! तुझी भावजय म्हणते, एवढं खाणाऱ्याचं वजन उतरलं असं कुठं सांगू नका, लोक माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतील.

मापं: छाती अडतीस, कंबर चौतीस, खांदा साडेसतरा, बाही चोवीस, गळा पावणेसोळा.

तुझा,
बारक्या

२२ जानेवारी

चि. बारक्यास,

तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. माझी लेक दिवसभर वाचनालयात नोकरी करते आणि संध्याकाळी माझ्यासाठी काजं करते. ती इतकी हसली की एक काज भलतीकडेच झालं.

वजनकाट्यांचा कारागीर, आणि मापं ही अशी? मापवही उघडून बसलेय. गेल्या वर्षी कंबर छत्तीस, गळा पंधरा. यंदा कंबर चौतीस, गळा पावणेसोळा. कंबर कशी उतरली ते मला कळलं. तुझ्याकडचा टेप बाबांच्या वेळचा आहे. कापडी टेप ताणला गेला की आकडे लांब लांब जातात आणि माप कमी भरतं. तो टेप आता केळीच्या सोपटासारखा झाला असेल. आणि गळा वाढला त्याचं कारण तर मला इथून दिसतंय: मफलरवरून मोजलास ना? बारा महिने मफलर! तुझ्या गळ्याला वारा लागून किती वर्षं झाली असतील कोण जाणे.

सोबत नवा टेप पाठवतेय. मफलर काढ. श्वास रोखू नकोस. मोजताना टेपखाली एक बोट जाऊ दे. मोजून पाठव, तोवर मी कापडाला कात्री लावत नाही.

माझं म्हणशील तर परवा छातीत जरा आवळल्यासारखं झालं होतं. गॅस. ईसीजी काढला, स्वच्छ आला. मी तुझ्यासारखं गावभर सांगत बसत नाही.

ताई

४ फेब्रुवारी

ती. ताई,

टेप मिळाला. आधी दुकानातल्या पोलादी पट्टीवर ताडून बघितला. राग मानू नकोस, धंद्याची सवय. टेप अगदी बरोबर आहे.

मफलर काढला. बोट ठेवलं. तुझ्या भावजयीनं मोजलं, मी नाही. कंबर साडेतेहेतीस. गळा सोळा.

माणशी काटा तिसऱ्यांदा उघडला. मग हिनं वैतागून वीस किलोचं प्रमाणित वजन त्यावर ठेवायला लावलं. काट्यानं बरोबर वीस दाखवले. मग मी उभा राहिलो. चौसष्ट. ही म्हणाली, "तुमच्याच बाबतीत खोटं बोलतो काय तो?" मी हसलो, पण खरं सांगू, हसू आलं नाही.

ताई, आता तीन ओळींच्या पुढे जातोय. मंगळवारी औषधांच्या दुकानदाराचा काटा होता. वीस मिलीग्रॅमचं वजन माझ्या चिमट्यातून उडालं. ते माझ्या उस्तादांनी दिलेल्या पेटीतलं, बत्तीस वर्षांत कधी हरवलं नव्हतं. मी गुडघ्यावर बसून फरशी धुंडाळली. दुकानदारही बिचारा शोधायला बसला. सापडलं नाही. तो म्हणाला, "राहू द्या, आता नजर आणि हात पहिल्यासारखे कुठं राहतात?" चांगल्या मनानं म्हणाला. मला मात्र तिथंच रडू फुटायचं राहिलं.

मी ठरवलंय, बारीक काट्यांचं काम या महिनाअखेर सोडायचं. चौकातल्या दुसऱ्या दुकानाला गिऱ्हाइकं सांगून टाकतो. मोठे काटे कोणीही दुरुस्त करतं. बारीक काम होतं म्हणून मी मी होतो. पण भित्र्या माणसाचे हात थरथरणारच, त्याला कोण काय करणार? डॉक्टरांकडे पुन्हा जाणार नाही. त्यांचा पडलेला चेहरा मला बघवत नाही.

आई गेली तेव्हा आलीस ती शेवटची. तीन वर्षं झाली. एकदा येऊन जा ना.

बारक्या

८ फेब्रुवारी

बारक्या,

हे पत्र मिळाल्या दिवशी डॉक्टरांकडे जा. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी.

मी तुझ्या दोन चुका शोधून काढल्या होत्या, टेप आणि मफलर. दोन्ही नव्हत्या. तुला काटा खोटा वाटला, मला टेप खोटा वाटला. दोघंही आपापल्या धंद्यात इतके शहाणे की मापं खरी असतील हे एकालाही सुचलं नाही. पस्तीस वर्षं मी माणसं मोजतेय. माणूस सुटला तर कंबर वाढते आणि गळाही वाढतो. वाळला तर दोन्ही उतरतात. कंबर उतरतेय आणि गळा वाढतोय असा माणूस मी आजवर मोजलेला नाही.

फाइल नेऊ नकोस. काय वाटतं ते सांगू नकोस. धडधडतं, भीती वाटते, मरेन असं वाटतं, यातलं एक अक्षर काढू नकोस. खुर्चीत बस आणि खालची चिठ्ठी पुढं कर. बास.

"गिऱ्हाइकाची मापं, मापवहीतून. गेली आठ वर्षं गळा पंधरा, बदल नाही. कंबर आठ वर्षांत पस्तीसवरून छत्तीस. या जानेवारीत कंबर चौतीस, गळा पावणेसोळा. या फेब्रुवारीत कंबर साडेतेहेतीस, गळा सोळा. वजन बहात्तरवरून चौसष्ट, काटा तपासलेला. जेवण दुप्पट. हाताला कंप, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. फेब्रुवारीची मापं दुसऱ्या माणसानं, नव्या टेपनं घेतलेली आहेत. आपली, कपडे शिवणारी."

आणि मफलर घरी ठेवून जा.

ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार, आणि खुशखबर! मला आजार आहे. खराखुरा, कागदावर छापून आलेला.

पहिल्यापासून सांगतो. मी खुर्चीत बसलो, ओठ घट्ट मिटले आणि चिठ्ठी सरकवली. डॉक्टरांनी आधी मी गप्प का म्हणून माझ्याकडे बघितलं. मग चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. "ही कोणी लिहिलीय?" मी म्हणालो, "माझ्या शिंप्यानं." ते उठले. घोटभर पाणी दिलं, "गिळा" म्हणाले, आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिले. मागून येऊन गळा चाचपला. मग म्हणाले, हात पुढं करा. पसरलेल्या हातांवर कागद ठेवला. कागद असा फडफडला की पंखा बंद करायला त्यांनी वर बघितलं. पंखा बंदच होता.

रक्त तपासलं. गळ्यात थायरॉइड म्हणून ग्रंथी असते, ती नको तेवढी कामाला लागलीय. त्यामुळे धडधड, थरथर, घाम, सगळं. जेवतोय ते जळून जातंय. असंच राहिलं असतं तर हृदयावर बेतलं असतं, असंही म्हणाले. गोळ्या सुरू केल्यात, दर महिन्याला रक्त तपासायचं. हात परत स्थिर होतील असं दोनदा म्हणाले. मीच दोनदा विचारलं.

निघताना डॉक्टर जरा घुटमळले. म्हणाले, "तुम्ही इतक्या वेळा आलात, की तुम्हाला काय झालंय ते मला तुम्ही बसायच्या आधीच माहीत असायचं. चूक झाली माझी." मला इतकं भरून आलं की मीच त्यांची समजूत घातली.

तेव्हा ताईसाहेब, निकाल लागलेला आहे. मी भित्रा नव्हतोच! मनाचं काही नव्हतंच, सगळं त्या ग्रंथीचं कारस्थान. चाळीस वर्षांची चेष्टा लेखी परत घे. टोपीसकट.

बारीक काम मी सोडलेलं नाही. गिऱ्हाइकांना सांगितलंय, दोन महिने थांबा. तू मात्र थांबू नकोस, ये.

बारक्या

८ मार्च

चि. बारक्यास,

तुझं पत्र वाचलं आणि कात्री खाली ठेवून रडले. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं तिचा कोट बिघडवलाय. तिला पाणी मीच दिलं.

लेखी माफी: तू आजारी होतास आणि मी हसले, हे चुकलं. टोपी परत घेत नाही. ती घट्टच होती.

गोळ्या वेळेवर घे. शर्ट तयार झालेत, गळा सोळा धरलाय. टपालानं पाठवत नाही. मी स्वतः घेऊन येते, १२ एप्रिलच्या रविवारी सकाळच्या गाडीनं. जागा राखून ठेवलीय. भावजयीला सांग, दणकून जेवणार आहे.

ताई

२० एप्रिल

ती. ताई,

रविवारी सकाळच्या गाडीला स्टँडवर गेलो. मग दुपारच्या. मग संध्याकाळच्या. ही म्हणाली, घरी चला, आता त्या फलाटाचं भाडं मागतील. गुरुवारी शर्टांचं पार्सल आलं. आत एक चिठ्ठी, तिच्यावर एक शब्द: "गुडघा."

मला वाईट वाटलं. ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

शर्ट सुरेख झालेत. मी सदुसष्ट किलोवर आलोय आणि काट्यावर माझा पुन्हा विश्वास बसलाय. परवा सोनाराचा काटा तपासला, एक वजन सुटलं नाही हातातून. ते हरवलेलं वीस मिलीग्रॅमही सापडलं, माझ्याच पँटच्या दुमडीत. दोन महिने ते मी अंगावर वागवत होतो.

पण एक गोची झालीय. नाडी आता बहात्तर. रक्त ठीक. आणि तरीसुद्धा ताई, मी दुकानाचं कुलूप सात वेळा ओढतो. शिंक आली की मृत्युपत्र आठवतं. मी डॉक्टरांना विचारलं, ग्रंथी तर सुधारली, मग आता हे कोण? ते हसले नाहीत. म्हणाले, तुम्हाला दोन्ही आहे. ग्रंथीमुळे काळजी भडकत होती, आणि काळजीच्या आडोशाला ग्रंथी लपली होती. मला लगेच समजलं. एकाच पारड्यात दोन वजनं होती. आधी सगळ्यांना एकच दिसलं, मग मला दुसरंच एक दिसलं. आता एक काढल्यावर दुसऱ्याचा नेमका भार कळला, आणि तो काही थोडाथोडका नाही.

तेव्हा दर बुधवारी एका समुपदेशक बाईंकडे जातो. बाई गोड बोलतात आणि भयंकर कामं देतात. पहिलं काम: कुलूप एकदाच ओढायचं. मी एकदाच ओढलं, घरी आलो आणि ओढायला हिला पाठवलं. बाई म्हणाल्या, ते दोनदा धरलं जाईल.

माझी फुशारकी परत घेतो. भित्रा आहेच मी. पण आता त्यावरही औषधपाणी चालू आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तू का नाही आलीस?

बारक्या

२४ एप्रिल

प्रिय मामा,

आईला न सांगता लिहितेय. तुम्हीही तिला कळू देऊ नका.

त्या रविवारी आई येत होती. बॅग भरली होती, तुमचे शर्ट वर ठेवले होते. आम्ही स्टँडवर पोचलो. ती गाडीत चढली, खिडकीशी बसली आणि दोन मिनिटांत उतरली. पांढरीफटक. छाती आवळतेय, श्वास पुरत नाही, हात बधिर झालेत म्हणाली. आम्ही तिथूनच दवाखान्यात गेलो. सगळं तपासलं, सगळं स्वच्छ. हे तिसऱ्यांदा झालंय.

मामा, वर्षभर आई एकटी कोपऱ्यावरच्या बटणांच्या दुकानापलीकडे गेलेली नाही. कापड मी आणते. गिऱ्हाइकांना वाटतं ती फार कामात असते. ती सगळ्यांना गॅस, गुडघा, पोट सांगते, आणि रिपोर्ट चांगला आला की तिचं तोंड उतरतं. मग दुसरा डॉक्टर शोधते. आतापर्यंत चार झाले. मी एकदा म्हटलं, "मामाचं असायचं तसं तर नसेल?" तर दोन दिवस बोलली नाही.

तुम्हाला काही सुचलं तर करा.

तुमची भाची

२ मे

ती. ताई,

तुझी सगळी पत्रं मी एका डब्यात ठेवतो, हे तुला माहीत नसेल. काल तो डबा काढून बसलो. तू माझी मापं पाठवली होतीस, आता मी तुझी पाठवतो. चिठ्ठी अशी:

"तीन वर्षांतली पत्रं सव्वीस. त्यांत 'मी येते' अकरा वेळा. प्रत्यक्ष येणं, शून्य. न येण्याची कारणं: गुडघा चार, पोट तीन, कामाचा हंगाम दोन, ईसीजी दोन. ईसीजी दोन्ही वेळा स्वच्छ. गुडघा प्रवासाच्या दिवशीच दुखतो. बाकी दिवशी तोच गुडघा आठ तास शिलाई मशिनचं पायडल मारतो. काटा तपासलेला आहे."

काय वाटतं ते सांगू नकोस म्हणाली होतीस, म्हणून मीही सांगत नाही. फक्त एवढंच. माझ्याबाबतीत सगळे मन मन करत राहिले आणि गळ्याकडे बघायचं राहून गेलं. तुझ्या बाबतीत उलटं होत असेल का? गळा, छाती, पोट, गुडघा, सगळं बघून झालं असेल, तर राहिलेलं एक तेवढं बघून घे.

भित्रेपणाचा मला चाळीस वर्षांचा अनुभव आहे. काही अडलं तर विचार.

बारक्या

१९ मे

बारक्या,

लोकांची पत्रं डब्यात घालून ठेवतोस आणि वर मोजतोस! पहिल्यांदा मी तुझं पत्र चुरगळून फेकलं. मग उचललं, इस्त्री फिरवली आणि पुन्हा वाचलं. आठवडाभर तेच चाललं होतं. पायडलचं वाक्य फार लागलं.

माझ्या लेकीनं तुला काही कळवलं असेल तर तिला ओरडायचं म्हणून बसले होते. पण तू माझ्याच पत्रांतून मला पकडलंस, तेव्हा तिला काय बोलणार.

सांगते. आई गेली तेव्हा मी गाडीत होते. तुझा निरोप आला तशी निघाले होते. गाडी एका वळणावर दीड तास अडकली, आणि मला आतून कळलं की आता पोचत नाही. छाती आवळली, श्वास जाईना. वाटलं, आई आणि मी एकाच दिवशी. उतरले तेव्हा तू स्टँडवर उभा होतास आणि तुझ्याकडे बघूनच कळलं. मी कोणाला काही बोलले नाही. मोठी मी, भित्रा तू, अशी आपली लहानपणापासून वाटणी झालेली. मी कुठल्या तोंडानं सांगणार की मला गाडीची भीती वाटते? मग स्टँडची वाटू लागली. मग बाजाराची. छातीत तेच होतं, म्हणून मला वाटायचं हृदयच आहे. आईचं तेच होतं ना.

परवा ज्यांच्याकडे पहिला ईसीजी काढला होता त्याच डॉक्टरबाईंकडे गेले. लेक सोबत होती. तुझी चिठ्ठी पुढं केली. त्यांनी या वेळी मशिन लावलं नाही, नीट ऐकून घेतलं. तुझं झालं म्हणून माझीही थायरॉइड बघितली. स्वच्छ. आयुष्यात पहिल्यांदा रिपोर्ट चांगला आल्याचं वाईट वाटलं नाही. म्हणाल्या, दुखतं ते खरंच दुखतं, नाटक नाही. पण ते हृदय नाही, भीती आहे, आणि भीतीवरही उपचार असतात. गोळी दिलीय आणि रोज थोडं थोडं लांब जायला सांगितलंय.

दुकानापासून बटणवाल्यापर्यंत एकशे चाळीस पावलं. स्टँडपर्यंत दोन हजार तीनशे, लेकीनं मोजून आणली. चाळीस वर्षांची चेष्टा परत घेते. टोपीसकट.

ताई

२ जून

तीनशे दहा. चपलांच्या दुकानापर्यंत. नको असताना एक जोड घेतला, कारण आत बसायला मिळतं. ताई

११ जून

आजही तीनशे दहाच. चपलांचा दुकानदार खूश आहे. ताई

१८ जून

ती. ताई, काटा तपासताना आधी एक ग्रॅम ठेवतात, मग दोन, मग पाच. एकदम पन्नास कोणी टाकत नाही. मी काल कुलूप दोनदा ओढलं. ही म्हणते, सातावरून दोनावर आलो म्हणजे पाच वेळा शूर झालो. बारक्या

१४ जुलै

अकराशे. भर बाजारात छाती आवळली. पळाले नाही. भिंतीला टेकून समोरून जाणाऱ्या माणसांच्या कॉलरी मोजल्या मनातल्या मनात. तेविसाव्या गळ्याला सुटलं. ताई

६ ऑगस्ट

स्टँड. गाडीत चढले नाही, नुसती तिच्यासमोर उभी राहिले. गाडीनं काही केलं नाही. ताई

२८ ऑगस्ट

एक थांबा जाऊन परत आले. कंडक्टर म्हणाला, "एवढ्यासाठी चालत का नाही गेलात?" मी म्हटलं, "चालत गेले असते तर काय मोठं झालं असतं?" ताई

१४ सप्टेंबर

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद, पूर्णच्या पूर्ण. तुझी आई पोचली. तिचं पत्र यायला वेळ लागेल, म्हणून मी लिहितो.

काल मी स्टँडवर सकाळच्या गाडीच्या दोन तास आधी गेलो होतो. बुधवारच्या बाईंना हे सांगू नकोस. गाडी वीस मिनिटं उशिरा आली, आणि त्या वीस मिनिटांत माझी नाडी काय झाली ते मी मोजलं नाही. खरंच नाही मोजलं. शेवटून दुसरी ती उतरली. चेहरा घामानं चिंब, साडीचा पदर मुठीत पिळून काढलेला. बाकावर बसली, पाणी प्यायली. मग पिशवीत हात घालून टेप काढला आणि भर स्टँडवर, सगळ्या लोकांदेखत, माझा गळा मोजायला लागली.

हात थरथरत होता. या वेळी तिचा. मी टेपचं दुसरं टोक धरून ठेवलं.

"सव्वापंधरा," ती म्हणाली. दोनदा मोजून म्हणाली. आणि मग टेप गळ्यात तसाच ठेवून माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडलो. एक म्हातारेबुवा आम्हाला म्हणाले, "कोण गेलं?" तुझी आई नाक पुसत म्हणाली, "कोणी नाही हो. मी आलेय."

ती परवा परतणार होती. पण एप्रिलमधल्या त्या दोन शर्टांची कॉलर मला आता पाऊण इंच सैल होतेय, आणि तिला ते बघवत नाही. मामीचं जुनं शिलाई मशिन तिनं काढायला लावलंय. सकाळपासून पायडल मारतेय आणि गुडघा दुखतो म्हणून एकदाही म्हणाली नाही. त्यामुळे तिची वाट पाहू नकोस, ती अजून आठ दिवस राहतेय. तोवर तुझ्या काजांकडे लक्ष दे.

तुझा,
मामा